आईच्या आईच्या आईचं नाव काय?

पणजोबांचं नाव सांगा म्हटलं तर आपल्यापैकी पुष्कळ जणी चटकन सांगतील. सासरच्या तीन पिढ्या तर पाठच असतात. नव्या सुनेला पहिल्याच वर्षी त्या पाठ होतात, कुळाचार-गोत्रासकट. पण मैत्रिणींनो, आईच्या आईच्या आईचं नाव सांगा पाहू! सासरचं नको, माहेरचं.

हा प्रश्न मी गेल्या दोन वर्षांत भिशीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत पन्नासेक जणींना तरी विचारला असेल. उत्तर देणाऱ्या दोघी निघाल्या. बाकीच्या हसल्या, मग थोड्या गप्प झाल्या, आणि एकीने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "अहो, हे शोधायचं तरी कुठे?"

शोधायचं कुठे, हाच खरा प्रश्न आहे. कारण हा धागा सरळ नाहीच. माझं सासरचं आडनाव एक. माझं माहेरचं ते आईचं सासरचं. आईचं माहेरचं ते आजीचं सासरचं. आजीचं माहेरचं ते पणजीचं सासरचं, आणि पणजीचं माहेरचं आणखी वेगळं. चार बायका आणि पाच आडनावं! पुरुषांची वंशावळ म्हणजे एका विहिरीत सोडलेला दोर. आपली म्हणजे दर पिढीला नवी विहीर.

विसाव्या शतकात आपल्याकडे कितीतरी घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. जाडजूड ग्रंथ, मोठ्या मेहनतीने जमवलेले. मी त्यांना नावं ठेवत नाही. दहा-दहा वर्षं गावोगाव पत्रं पाठवून लोकांनी ते पुरे केले. पण त्यांतली रीत बघा. मुलगा असला की त्याचा वेगळा परिच्छेद, नोकरी, बदल्या, पेन्शन. मुलगी असली की एक ओळ: नाव, आणि अमक्या गावच्या अमक्यांना दिली. तिथे ती त्या पुस्तकातून बाहेर पडते. सासरच्या पुस्तकात ती शिरते ती दुसऱ्याच नावाने.

श्राद्धात तरी काय? पितृपक्षात महालयाला भटजी जी नावं घेतात ती कधी नीट ऐका. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. मग आईकडचे तिघे, आणि त्यांच्या बायका: मातामही, प्रमातामही, वृद्धप्रमातामही. ऐकायला वाटतं, चला, आईकडच्या तीन बायका आल्या की! पण मातामही म्हणजे आईची आई, आणि प्रमातामही म्हणजे आईच्या बापाची आई. आईच्या आईची आई त्या यादीत नाहीच. तिच्या नावाने तीळपाणी सोडायला शास्त्राने जागाच ठेवलेली नाही.

आमच्या पणजीची गोष्ट याच जागेपासून सुरू होते. घरच्या माणसांची नावं छापायची नाहीत म्हणून तिचं नाव इथे देत नाही. एवढंच सांगते, की माहेरी तिला एका नदीचं नाव होतं आणि सासरी एका देवीचं.

आजी असताना तिला विचारलं तर ती म्हणायची, "मला कुठली आठवतेय? मी दोन वर्षांची होते." वडील बिजवर झाले आणि सावत्र आईने तिला वाढवलं, पुढे लग्न करून दिलं. सावत्र आई वाईट नव्हती, आजी तिच्याबद्दल चांगलंच बोले. पण त्या घरात पहिलीचा विषय निघत नसे. घराच्या वंशावळीत पणजोबांच्या नावाशेजारी एकच बायको आहे, दुसरी. पहिलीच्या पोटी फक्त मुलगी उरली. फांदी काढायला मुलगा नव्हता, म्हणून ती झाडावरच नाही.

आजीकडे आईची म्हणून एकच वस्तू होती. पितळेचा गडू. लग्नात सावत्र आईने हातात देताना म्हटलं होतं, "हा तुझ्या आईचा." त्याच्या बुडाशी ठोक्याने कोरलेली अक्षरं होती, वर्षानुवर्षं चिंच आणि राख लावून झिजलेली. आम्हाला वाटे, भांडी विकणाऱ्याचं काहीतरी असेल.

इथे घरातल्या कामाची एक गोष्ट सांगून ठेवते. जुनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालायच्या आधी बूड, काठ आणि कडीची आतली बाजू बघा. रुखवतात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्यांवर नाव कोरायची पद्धत होती, आणि कधीकधी देणाऱ्याचं नाव, गाव, सालही असतं. अक्षर झिजलं असलं तर घासू नका. थोडी तांदळाची पिठी ओलसर करून त्यावर चोळा, वरची पुसून घ्या. खाचेत पांढरं राहतं आणि अक्षर उठून दिसतं. मग खिडकीशी धरून तिरक्या उजेडात फोटो काढा. आमच्या गडवावर असं केल्यावर त्या नदीचं नाव वाचता आलं. पण ते कुणाचं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, असेल कुणा आत्याचं.

दुसरं नाव मिळालं ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. आजीचा सावत्र भाऊ, म्हणजे आईचे मामा, कर्मठ होते. दरवर्षी महालय करायचे आणि नावं चुकू नयेत म्हणून त्यांनी एका वहीत यादी लिहून ठेवली होती. ती वही त्यांच्या मुलाने देवघराच्या फडताळात जपली आहे. मातृत्रयीनंतर त्यात एक ओळ आहे: सापत्नमाता. महालयात सावत्र आईलाही पाणी देतात ना! त्यांच्या दृष्टीने सावत्र आई म्हणजे आमची पणजी. पुढे देवीचं नाव, त्याला श्राद्धात बाईच्या नावापुढे लावतात तो 'दा', आणि गोत्र. ज्या मुलाने तिला पाहिलंही नव्हतं, तो जन्मभर दर भाद्रपदात तिचं नाव घेत होता. तिच्या स्वतःच्या लेकीला ते घेता येत नव्हतं.

त्याच घरात अविधवा नवमीला अजून एक सवाष्ण जेवायला सांगतात, ओटी भरतात. मामींना विचारलं, "कुणाची नवमी?" म्हणाल्या, "घरची कोणी सवाष्ण गेली होती म्हणे, सासूबाई करायच्या म्हणून मी करते." भाद्रपद वद्य नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. तुमच्याही घरी अशी नवमी चालत असेल तर ती कुणासाठी, हे आज विचारा. करणारी असते तोवर विचारून घ्यावं.

नाव हातात आल्यावर मी तालुका कचेरी गाठली. खेड्यात जन्म-मृत्यूची नोंद ठेवण्याचं एक रजिस्टर इंग्रजी अमलापासून होतं. गाव नमुना नंबर १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत ही बुकं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो मान आला. अर्ज करून, गाव आणि अंदाजे साल सांगून नक्कल मागता येते. साल नक्की नसेल तर बरोबर डबा घेऊन जा, एवढंच सांगते. मला तीन खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेला एका तरुण कारकून मुलीने स्वतः पानं उलटून दिली.

जुन्या कागदांत बायकांची नोंद कशी असते ते आधी कळलं पाहिजे. बाई स्वतःच्या बापाच्या नावाने येत नाही. 'अमकी कोम तमका' म्हणजे तमक्याची बायको. कुठे 'भ्रतार' हा शब्द येतो. पुरुषापुढे 'बिन' म्हणजे त्याचा मुलगा. मुलगी जन्मली तर पुष्कळदा नावाची जागा कोरी, नुसतं 'मुलगी', कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. हे ठाऊक नसलं तर माणूस समोरचं पान उलटून पुढे जातो.

आमच्या पानावर फेब्रुवारी १९०३ मध्ये दोन ओळी आहेत. पहिली: मुलगा, नाव नाही, वय ३ दिवस. दुसरी त्यानंतर चार दिवसांनी: देवीचं नाव, कोम पणजोबा, वय २२, बाळंतपणात.

कचेरीच्या बाकावर बसून मी त्या दोन ओळी किती वेळ वाचल्या कोण जाणे. तो मुलगा जगला असता तर वंशावळीत तिच्या नावाची फांदी निघाली असती. आजी सत्याऐंशी वर्षं जगली, तिला आपल्याला भाऊ झाला होता हे कधीच माहीत नव्हतं.

वय २२ म्हणजे जन्म १८८१ च्या सुमाराचा. त्या काळाशी हे ताडून बघितलं की माणूस डोळ्यांसमोर उभं राहतं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर तीनेक वर्षांनी ती जन्मली. लग्न त्या वेळच्या रीतीने आठव्या-दहाव्या वर्षी झालं असणार. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. त्याने वयाची मर्यादा दहाची बारा केली, तर केवढं काहूर उठलं! आणि तो कायदाही लग्नाच्या वयाचा नव्हताच. लग्नाचं वय ठरवणारा शारदा कायदा यायला १९२९ उजाडलं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात त्याने हाहाकार केला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताकरताच १० मार्च १८९७ ला गेल्या. आमची पणजी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि साताऱ्याकडे सासरी नांदत होती.

आता माहेर. अस्थी नाशिकला नेल्या असतील, असा मामांचा तर्क होता. नाशिकला रामकुंडावरचे उपाध्ये यजमानांच्या वह्या ठेवतात, हे पुष्कळ जणींना माहीत असेल. त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार इथेही तशाच वह्या आहेत. कुठल्या उपाध्यांकडे आपलं घराणं आहे हे गाव, आडनाव आणि जात सांगितली की तिथे कळतं. जाताना निदान दोन पिढ्यांची नावं कागदावर लिहून न्या, आणि नवी नोंद करून द्यायची तयारी ठेवा, दक्षिणा आपखुशीची. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठा-लिंगायत घरांतून हेळवी येतात, सुगीला धान्य घेऊन वंशावळ वाचतात. ज्यांच्या घरी ते येत असतील त्यांनी पुढच्या खेपेला आजीचं माहेरही विचारून बघावं.

नाशिकची वही लांबट, दोन्हीकडून कापडाने बांधलेली. मोडी अक्षर, आणि खाली येणाऱ्याची सही. शके १८२४, माघ वद्य. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाच्या अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, कारण जानेवारीत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं आणि आपलं बदलायचं असतं. म्हणजे १९०३. कोतवाल बुकाशी जुळलं. पणजोबांनी लिहून दिलं होतं की कुटुंबाच्या अस्थी घेऊन आलो. पुढे तिचं सासरचं नाव, आणि तिच्या बापाचं नाव आणि गाव. नाशिकपासून थोड्याच अंतरावरचं खेडं.

अस्थी सोडायला तिच्याच माहेरच्या वाटेने तो माणूस आला होता. उतरला असेल का तो त्यांच्याकडे? वहीत ते नाही.

मामांच्या माळ्यावर एक तार आहे, आकड्यासारखी वाकवलेली. जुन्या घरांत आलेलं पत्र वाचून झालं की अशा तारेत ओवून ठेवत. सुतकाचं पत्र तेवढं वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही. म्हणून मृत्यूची पत्रं कुठल्याच घरात सापडत नाहीत. पोस्टकार्डं आपल्या देशात जुलै १८७९ पासून मिळू लागली, पाव आण्याला एक, आणि गरिबातल्या गरीब माहेरालाही लेकीची खुशाली विचारणं परवडू लागलं. त्या तारेवर साठ-सत्तर कार्डं होती, बहुतेक जमिनीच्या आणि उसनवारीच्या कटकटी. मोडी शिकलेल्या माझ्या भाचीने ती दोन रविवार बसून लावली. शाळांतून मोडी १९५० च्या सुमाराला गेली, पण पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेख खात्यात तिचे वर्ग होतात. घरातली एखादी मुलगी शिकली तर साऱ्या नात्याचं काम होतं.

त्यांतलं एक कार्ड १८९९ चं, पोस्टाचा शिक्का त्या नाशिकजवळच्या गावाचा. लिहिणारा तिचा थोरला भाऊ. मेहुण्याला नमस्कार लिहून म्हणतो की प्लेगमुळे आगगाडीत उतारूंची तपासणी फार चालली आहे, तेव्हा चिरंजीव सौभाग्यवती अमकीला यंदा दिवाळसणाला पाठवू नये, आई फार वाट पाहत होती. आणि त्या 'अमकी'च्या जागी नदीचं नाव आहे. गडवाच्या बुडाशी कोरलेलं तेच.

लग्नात नाव बदलल्यामुळे केवढा घोळ होतो याची उदाहरणं आपल्याला माहीत असलेल्या बायकांतच आहेत. अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक या मनकर्णिका गोखले. बाया कर्वे, म्हणजे आनंदीबाई, या गोदूबाई जोशी होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला तेव्हा त्यांचं हे नाव झालं. यांची चरित्रं, आत्मचरित्रं लिहिली गेली म्हणून दोन्ही नावं आपल्याला ठाऊक. घरोघरच्या यमुना आणि गोदूंचं कोण लिहिणार? राजवाड्यांनी घराघरांतली दप्तरं पालथी घालून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, बावीस खंड झाले. तीही दप्तरं पुरुषांच्या व्यवहाराचीच. उलट, जात्यावरच्या ओव्यांत माहेरचं गाव, भावाचं नाव, बापाचा वाडा सगळं बाई स्वतः सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्या एक लाखावर आहेत. तुमच्या आजीला दोन ओव्या जरी येत असतील तरी त्या ध्वनिमुद्रित करून ठेवा. तिला "इतिहास सांग" म्हणू नका, ती म्हणेल मला काय कळतं! "लग्नातला उखाणा म्हणून दाखव," "पहिल्या दिवाळीला कोण न्यायला आलं होतं," "हे लोणचं कुणाच्या हातचं शिकलीस," असं विचारा. माहेर आपोआप बोलू लागतं.

आणि जे कागद सापडतील त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. त्यावर निळ्या पेनने आपले शेरे लिहू नका, नोंदी वेगळ्या वहीत करा: काय मिळालं, कुणाकडे, कोणत्या तारखेला, कुणी वाचून दिलं.

शिरगणतीच्या मागे लागून वेळ मात्र घालवू नका. १८७२ आणि १८८१ च्या शिरगणत्यांचे घराघराचे तक्ते जपलेले नाहीत, बेरजा तेवढ्या छापल्या आहेत. तिथे आपली पणजी सापडेल ती कोट्यवधी बायकांतली एक म्हणून.

मामांनी गेल्या पितृपक्षात ती वही काढली आणि 'सापत्नमाता' या ओळीपुढे कंसात माहेरचं नाव, बापाचं नाव आणि गाव लिहिलं. मामी म्हणाल्या, "आता नवमीला सवाष्णीला विडा देताना नाव घेऊन देईन." गडू मी त्यांच्याकडे देऊ केला होता. त्या म्हणाल्या, "नको, तो मुलीकडून मुलीकडेच जाऊ दे." माझ्या लेकीने आधी विचारलं, "यात पाणी प्यायचं का फुलं ठेवायची?" आता तिच्या स्वयंपाकघरात तो रोजच्या वापरात आहे, फक्त बूड घासायचं नाही अशी तिने कामवाल्या बाईंना ताकीद दिली आहे.

कार्डावर भावाने लिहिलंय, आई फार वाट पाहत होती. त्या आईचं नाव त्यात नाही. त्या गावच्या घरात आता कुणी राहत नाही. पण त्यांचे उपाध्ये त्र्यंबकचे आहेत, असं नाशिकच्या उपाध्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात भाचीला घेऊन त्र्यंबकला जाणार आहे.